दोस्तुकचं फाटक : समुद्र नसलेल्या शेजाऱ्यांच्या व्यापाराची पार्श्वभूमी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खडा हिंगाचा डबा उघडला की वास शेजारच्या गाळ्यापर्यंत जातो. तपकिरी, चिकट, बोटाला लागला की दोन दिवस न सुटणारा तो खडा बहुतेक वेळा अफगाणिस्तान, इराण किंवा उझबेकिस्तानातून आलेला असतो. यातला इराण सोडला तर बाकीच्या दोघांना समुद्र नाही. उझबेकिस्तानला तर समुद्र नाहीच, शिवाय त्याच्या एकाही शेजाऱ्याला खुल्या समुद्राचा किनारा नाही. जगात असा दुसरा देश एकच, लिख्टेनस्टाइन.

समुद्र लांब असण्याचा त्रास आपल्याकडे जुना आहे. जुन्नरच्या पेठेतला माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे नाणेघाटातून उतरायचा. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणूनच दाखवतात. आणि २०१३ पर्यंत पुण्याच्या वेशीवरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, त्या आपण पाहिल्या आहेत. घाट निसर्गाने घातला, पण रांजण माणसाने ठेवला. मध्य आशियाची गोष्ट मुख्यतः या रांजणांची आहे.

१९९१ पर्यंत मध्य आशियातले कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान सोव्हिएत संघात होते. त्यांच्यातल्या सीमा नकाशावर असल्या तरी रस्ते, रूळ, विजेच्या तारा आणि कालवे त्या न जुमानता टाकलेले होते. फर्गानाचं सुपीक खोरं उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या तिघांत वाटलेलं, पण बाजारहाट एकच. देश स्वतंत्र झाले आणि याच रेघांवर चौक्या उभ्या राहिल्या.

सगळ्यात जास्त ताणलं पाण्याने. नारीन नदीवरचं टोक्तोगुल धरण किर्गिझस्तानात, वर डोंगरात. कापसाची शेती खाली, उझबेकिस्तान आणि कझाकस्तानात. सोव्हिएत काळातला हिशेब सरळ होता: वरच्यांनी पाणी उन्हाळ्यात सोडायचं आणि खालच्यांनी हिवाळ्यात कोळसा-गॅस वर पाठवायचा. स्वातंत्र्यानंतर गॅसचे पैसे मागितले जाऊ लागले. किर्गिझांनी थंडीत घरं उबदार ठेवण्यासाठी हिवाळ्यातच पाणी सोडून वीज केली. मग खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कालवे कोरडे. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करतं आणि भीमेच्या खोऱ्यातला शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो, त्यामुळे हे भांडण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९९८ मध्ये किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान या तिघांनी पाण्याच्या बदल्यात इंधनाचा करार पुन्हा लिहून काढला. मात्र किती पाणी, किती कोळसा याची घासाघीस दरवर्षी नव्याने व्हायची, आणि करार हळूहळू विरला.

त्यातच १९९९ मध्ये उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंदमध्ये बॉम्बस्फोट झाले, सशस्त्र टोळ्या डोंगरातून उतरल्या, आणि उझबेकिस्तानने सीमा आवळल्या. काही ठिकाणी सुरुंगही पेरले. ताश्कंद आणि ताजिकिस्तानचं दुशान्बे या शेजारच्या राजधान्यांमधली विमानं तर १९९२ पासूनच बंद होती. मामाच्या गावी जाणाऱ्यालाही व्हिसा लागावा, ही अवस्था व्यापारी आकडेवारीत दिसत नाही, पण फर्गानातल्या घराघरांत ती भोगली गेली. माझ्या मते या प्रदेशाचं खरं नुकसान समुद्र नसल्याने झालं त्याहून जास्त या वर्षांनी केलं.

वळण आलं ते २०१६ नंतर. उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव वारले आणि शवकत मिर्झियोयेव राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पहिला हात शेजाऱ्यांकडे केला. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये किर्गिझस्तानातल्या ओश शहराजवळची, उझबेक सीमेवरची दोस्तुक चौकी पुन्हा उघडली. ओशमधल्या २०१० च्या दंगलींपासून ती जवळजवळ बंदच होती. दोस्तुक म्हणजे दोस्ती; शब्द आपल्या ओळखीचाच. त्याच वर्षी ताश्कंद-दुशान्बे विमान उडालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात, पाचही देश, बाहेरच्या कोणाला मध्ये न घेता, एका टेबलाशी बसले.

सीमारेषा मात्र ठरायच्या राहिल्या होत्या. किर्गिझ-ताजिक सीमेवर २०२१ आणि २०२२ मध्ये रक्त सांडलं. शेवटी ३१ मार्च २०२५ रोजी ताजिकिस्तानातल्या खुजंदमध्ये किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनी तिन्ही सीमा जिथे मिळतात त्या बिंदूवर सह्या केल्या.

आणि नारीन नदीवर, टोक्तोगुलच्याही वर, कंबाराता-१ हे मोठं धरण व्हायचं आहे. करीमोवांच्या काळात अशा धरणांना उझबेकिस्तानचा कडाडून विरोध होता, पाण्यावरून युद्धाची भाषा झाली होती. २०२३ मध्ये किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांनी ते मिळून बांधण्याच्या आराखड्यावर सह्या केल्या.