पवित्र कबरेचे चर्च, जेरूसलेम : क्रुसेडकाळातील कारभार आणि मालमत्ता

येशूला क्रुसावर दिले ती जागा आणि त्याला पुरले ती जागा, अशी दोन स्थाने ख्रिस्ती परंपरेनुसार जिथे आहेत ते जेरूसलेममधील देवालय. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात बांधलेल्या मूळ वास्तूचे अर्पण ३३५ मध्ये झाले. फातिमी खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने १००९ मध्ये ती पाडली गेली आणि पुढे बायझंटाइन सम्राटाच्या पैशातून १०४८ च्या सुमारास तिची अपुरी पुनर्बांधणी झाली. १५ जुलै १०९९ रोजी पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातून निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने शहर घेतले. त्यानंतर ऑक्टोबर ११८७ पर्यंत, म्हणजे ८८ वर्षे, हे चर्च लॅटिन, म्हणजे पोपला मानणाऱ्या पश्चिम युरोपीय, धर्मगुरूंच्या ताब्यात होते. या काळातला इथला कारभार समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. चर्च एक असले तरी त्याच्या उत्पन्नाचे मालक दोन होते : जेरूसलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला सर्वोच्च धर्मगुरू, आणि चर्चमधील कॅननांचे, म्हणजे उपासना चालवणाऱ्या नेमलेल्या पुरोहितांचे, मंडळ. त्या काळातले निम्मे तंटे या दोघांमधली सीमारेषा कुठे पडते यावरून झाले. उरलेले तंटे या दोघांनी मिळून बाहेरच्यांशी केले.

स्थापना आणि पहिली दोन वर्षे : जिंकलेल्या शहराचा प्रमुख म्हणून निवडला गेलेला गॉडफ्री याने चर्चमध्ये २० कॅनन नेमले आणि त्यांच्या निर्वाहासाठी उत्पन्ने लावून दिली. १ ऑगस्ट १०९९ रोजी आर्नुल्फ हा पहिला लॅटिन पॅट्रिआर्क निवडला गेला. ग्रीक, म्हणजे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा, पॅट्रिआर्क सिमिऑन शहराबाहेर सायप्रसमध्ये होता. त्याला बोलावण्याचा विचार झाला नाही. ग्रीक धर्मगुरूंना चर्चमधून बाहेर काढण्यात आले. ही चूक किती महागात पडते ते ११०१ च्या ईस्टरला दिसले. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी कबरेत प्रकटणारा पवित्र अग्नी त्या दिवशी प्रकटला नाही आणि यात्रेकरूंत हलकल्लोळ माजला. दुसऱ्या दिवशी अग्नी मिळाला, पण तेवढ्यात लॅटिनांना कळून चुकले की स्थानिक पुरोहितांखेरीज या देवस्थानाचे वार्षिक चक्र चालणार नाही. ग्रीक पुन्हा आत आले आणि पूर्ण बाराव्या शतकात आपल्या वेदीवर उपासना करत राहिले. मालमत्तेचा कारभार मात्र लॅटिनांनी हातचा सोडला नाही.

आर्नुल्फला हटवून १०९९ च्या अखेरीस पॅट्रिआर्क झालेला पिसाचा डाइम्बर्ट याने थेट शहरावरच हक्क सांगितला. फेब्रुवारी ११०० मध्ये त्याने गॉडफ्रीकडून याफा बंदराचा चौथा हिस्सा मिळवला. त्याच वर्षी ईस्टरला त्याने दाविदाच्या बुरुजासह अख्खे जेरूसलेमही लिहून घेतले. गॉडफ्रीने दुसरी शहरे जिंकेपर्यंत ताबा त्याच्याकडेच राहायचा होता. जुलैत गॉडफ्री वारला, त्याचा भाऊ बाल्डविन राजा झाला आणि तो करार कागदावरच राहिला. पॅट्रिआर्कच्या वाट्याला शेवटी आला तो शहराचा वायव्य भाग, म्हणजे चर्चभोवतीची ख्रिस्ती वस्ती. तिथे न्यायनिवाडा पॅट्रिआर्कचा आणि जमीनभाडेही त्याचेच. या हक्काचे मूळ क्रुसेडच्याही आधीचे होते. अकराव्या शतकात शहराच्या तटाचा चौथा भाग बांधण्याची जबाबदारी ख्रिस्ती रहिवाशांवर पडली तेव्हा तो खर्च बायझंटाइन सम्राटाने उचलला आणि त्या बदल्यात हा भाग निव्वळ ख्रिस्त्यांसाठी राखला गेला. या वस्तीतल्या जुन्या तलावाला अरबीत आजही ‘बिर्कत हम्माम अल-बत्रक’, म्हणजे पॅट्रिआर्कच्या हमामाचा तलाव, म्हणतात.

१११४ ची सुधारणा : सुरुवातीचे कॅनन आपापल्या घरात राहत आणि प्रत्येकाचे उत्पन्न वेगळे असे. त्यामुळे नेमणुकांत वशिला चाले आणि उपासनेच्या वेळी माणसे कमी पडत. पुन्हा पॅट्रिआर्क झालेल्या आर्नुल्फने १११४ मध्ये त्यांच्यावर संत ऑगस्टीनचा नियम लागू केला : एकत्र भोजन, एकत्र निवास, खाजगी मालमत्ता नाही. आर्नुल्फचे स्वतःचे चारित्र्य निष्कलंक नव्हते आणि पुढच्याच वर्षी पोपच्या प्रतिनिधीने त्याला काही काळ पदच्युतही केले. तरीही या सुधारणेचे श्रेय त्याच्यापासून हिरावून घेता येत नाही. त्या काळचा हा सर्वांत टिकाऊ निर्णय ठरला, कारण व्यक्तींचे तुकड्यातुकड्यांचे उत्पन्न त्यामुळे संस्थेचे झाले आणि संस्था मरत नाही.

सामुदायिक जीवन सुरू करायचे तर मंडळाला स्वतःचा खजिना हवा. म्हणून वाटणी लेखी ठरली आणि राजाने ती मंजूर केली. कबरेवर येणाऱ्या दानाचा निम्मा भाग कॅननांना, निम्मा पॅट्रिआर्कला. खऱ्या क्रुसाचा अवशेष, म्हणजे येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा, कॅननांच्या राखणीत असल्याने त्यावरचे दान पूर्ण त्यांचे. अपवाद गुड फ्रायडेचा, आणि पॅट्रिआर्क तो अवशेष स्वतःबरोबर घेऊन जाईल त्या वेळेचा. यात्रेकरू आणत त्या मेणाचे तीन भाग करायचे, दोन कॅननांचे आणि एक पॅट्रिआर्कचा. जेरूसलेम आणि परिसरातला दशांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा भाग), याफाचे संत पीटरचे चर्च आणि बेथनीचे संत लाझरसचे चर्चही मंडळाकडे आले. मेणासाठी स्वतंत्र कलम का, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. दिवसरात्र दिवे जळणाऱ्या या चर्चमध्ये मेण हा मोठा खर्च होता आणि यात्रेच्या हंगामात मोठी आवकही. उरलेले मेण विकता येई, त्यामुळे ते मोजून वाटण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पदे आणि दैनंदिन काम : मंडळाचा प्रमुख प्रायर, त्याच्या हाताखाली उपप्रायर. गायन आणि उपासनेचा क्रम कँटरकडे, सोनेचांदी आणि दान खजिनदाराकडे, दिवे, वस्त्रे आणि भांडी सॅक्रिस्टनकडे. कँटर हे पद दिसते त्यापेक्षा वजनदार होते. आन्सेल नावाच्या कँटरने ११२० च्या सुमारास खऱ्या क्रुसाचा एक तुकडा पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला पाठवला. अशा भेटींतून पश्चिमेशी संबंध जुळत आणि त्या संबंधांमागून देणग्या येत. पॅट्रिआर्कची निवड करण्याचा हक्क याच मंडळाचा होता, जरी राजाचे मत डावलणे अवघड असे. ११५७ मध्ये तर इथला प्रायर अमाल्रिक हाच पॅट्रिआर्क झाला. पॅट्रिआर्क रिकाम्या हाताने मंडळाशी भांडू शकत नसे, ते यामुळेच.

कबरेची खोली अगदी लहान आहे, आणि अरुंद दारातून गुडघ्यांवर रांगत आत जावे लागे. ११७० च्या सुमारास आलेला जर्मन यात्रेकरू थिओडेरिक सांगतो की दारावरचे रखवालदार एका वेळी सहापेक्षा कमी आणि बारापेक्षा जास्त माणसे आत सोडत नसत, आणि दर्शन झालेल्यांना दुसऱ्या दाराने बाहेर काढत. दानाचे मोजमाप, वाटणी आणि चोरीला आळा हे सगळे या एका दारावर अवलंबून होते.

एकत्र निवासासाठी इमारतीही लागल्या. चर्चच्या पूर्वेला, कॉन्स्टंटाइनच्या पडक्या बॅसिलिकाच्या जागेवर, कॅननांचा चौक, भोजनगृह आणि शयनगृह उभे राहिले. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिच्या नावाचे चॅपेल त्याच्या खाली असल्याने त्याचा घुमट चौकाच्या मधोमध जमिनीतून वर आलेला दिसतो. आज तिथे इथिओपियन साधूंच्या छोट्या खोल्या आहेत आणि भिंतींत मध्ययुगीन कमानींचे अवशेष आहेत. कबर आणि कॅल्व्हरी, म्हणजे क्रुसावर दिल्याची जागा, एका छताखाली आणणाऱ्या नव्या चर्चचे अर्पण परंपरेनुसार १५ जुलै ११४९ रोजी, म्हणजे विजयाच्या पन्नासाव्या वर्षदिनी झाले.

गावे, भट्ट्या आणि वसाहती : कॅननांच्या संपत्तीचा कणा म्हणजे गॉडफ्रीने दिलेली, जेरूसलेमच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातली २१ गावे. याशिवाय शहरातल्या पाव भाजण्याच्या भट्ट्यांचा मक्ता त्यांच्याकडे होता. हॉस्पिटलच्या, म्हणजे यात्रेकरूंची शुश्रूषा करणाऱ्या आणि पुढे लष्करीही झालेल्या धर्मसंघाच्या, आणि संत मेरी लॅटिन या मठाच्या भट्ट्या तेवढ्या त्यातून वगळल्या होत्या. यात्रेच्या दिवसांत शहराची लोकसंख्या फुगते तेव्हा भट्टी ही दानपेटीइतकीच भरवशाची असते. दान कमीजास्त होते, भाकरीची मागणी होत नाही.

जुन्या गावांत वसुलीची रीत स्थानिकच राहिली. गावचा मुखी, म्हणजे रईस, पिकाचा ठरलेला हिस्सा मालकाला पोचवी. त्या राज्यात तो सर्वसाधारणपणे चौथा ते तिसरा भाग असे. पण कॅननांनी याहून पुढचे पाऊल टाकले. अल-बिरा या गावाशेजारी, ज्याला लॅटिन लोक मोठे माहोमेरिया म्हणत, त्यांनी युरोपातून आलेल्या कुटुंबांची वसाहत बसवली. प्रत्येकाला घर आणि जमीन द्यायची, बदल्यात दशांश आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा घ्यायचा, आणि देखरेखीला मंडळाचा कारभारी ठेवायचा. ११५६ च्या सुमारास या रहिवाशांनी निष्ठेची शपथ घेतली तेव्हाची नावांची यादी टिकून आहे. ऑव्हेर्न, बर्गंडी, गॅस्कनी, कॅटलोनिया, लोंबार्डी अशा गावप्रांतांच्या नावांनी ओळखली जाणारी ही माणसे. त्यांत सुतार आहेत, गवंडी आहेत, लोहार आहेत. या यादीमुळे क्रुसेडरांच्या राज्यातला साधा शेतकरी आपल्याला नावानिशी भेटतो. राजवाड्यांच्या इतिहासात ही माणसे कुठेच सापडत नाहीत, म्हणून या एका कागदाचे मोल फार आहे. वसाहतीवर लष्करी भारही होता : ११७० मध्ये इजिप्तचा मुस्लिम सत्ताधीश सलादीन याने गाझावर हल्ला केला तेव्हा तिथे लढायला गेलेल्या माहोमेरियाच्या ६५ तरुणांपैकी बहुतेक मारले गेले.

जमिनीची अदलाबदल आणि खरेदी नित्याची होती. ११३८ मध्ये राजा फुल्क आणि राणी मेलिसेंद यांना बेथनीत मठ काढायचा होता, म्हणून कॅननांनी बेथनी सोडून तेकोआ हे गाव घेतले. त्या सनदेत तेकोआच्या लोकांना मृत समुद्राकाठचे मीठ आणि डांबर गोळा करण्याची मुभा लिहिलेली आहे. गावाबरोबर त्याचे जुने वहिवाटीचे हक्क नोंदवले नाहीत तर पुढे ते राजाचे अधिकारी अडवतात, हे मंडळाला चांगले ठाऊक होते. अडचणीत सापडलेले सरदार हेही विक्रेते असत. ११५७ मध्ये कैद झालेल्या इबेलिनच्या ह्यूने खंडणी भरण्यासाठी कॅननांना जमिनी विकल्या. रोकड हाताशी असणारी संस्था अशा वेळी खरेदीदार म्हणून नेहमी पहिली असते.

या सगळ्या मालमत्तेवर राजाचाही हक्क होता. तेराव्या शतकात याफाचा काउंट जॉन याने जुन्या राज्याच्या सैन्यसेवेची जी यादी दिली तिच्यात पॅट्रिआर्कच्या नावे ५०० आणि पवित्र कबरेच्या मंडळाच्या नावे ५०० सार्जंट, म्हणजे सरदारांखालच्या दर्जाचे सैनिक, दाखवले आहेत. दोघांचे आकडे सारखे आहेत, आणि मंडळ पॅट्रिआर्कच्या तोडीचे जमीनदार झाले होते याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

बिघाड कुठे होई : पहिला धोका घरातलाच. आर्नुल्फने आपल्या पुतणीच्या लग्नात चर्चच्या मालकीची जेरिको आणि तिचे उत्पन्न देऊन टाकले. टायरचा आर्चबिशप विल्यम हा इतिहासकार लिहितो की त्याच्या काळी ते वर्षाला ५,००० सोन्याच्या नाण्यांचे होते. मंडळाचे उत्पन्न वेगळे काढून लिहून ठेवण्याची गरज अशाच प्रसंगांतून पटते.

दुसरा धोका दशांशाचा. लॅटिन सरदारांनी सुरुवातीला तो स्वतःच दाबून ठेवला; जानेवारी ११२० च्या नाब्लुस सभेत राजा दुसरा बाल्डविन याने चर्चचा दशांशाचा हक्क मान्य केला तेव्हा तो मार्गी लागला. पण तोवर नवा प्रतिस्पर्धी उभा राहत होता. चर्चच्या अगदी समोर असलेल्या हॉस्पिटलला १११३ मध्ये पोपचे थेट संरक्षण मिळाले आणि ११५४ च्या पोपच्या आज्ञापत्राने दशांशातून आणि बिशपांच्या अधिकारातून सूट मिळाली. हॉस्पिटलच्या जमिनी वाढतील तसतसा पॅट्रिआर्कचा दशांश आटत जाणार, हे उघड होते. भांडण इतके विकोपाला गेले की, विल्यमच्या सांगण्यानुसार, पॅट्रिआर्क फुल्शर प्रवचनाला उभा राहिला की हॉस्पिटलवाले सगळ्या घंटा एकदम वाजवत. त्यांनी चर्चमध्ये बाणही मारले. ते गोळा करून त्यांची मोळी कॅल्व्हरीसमोर टांगण्यात आली. शंभरीला टेकलेला फुल्शर ११५५ मध्ये बिशपांना घेऊन पोपकडे दाद मागायला इटलीला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. दोन्ही बाजूंकडे पोपचीच पत्रे होती, त्यामुळे स्थानिक पातळीवर हा वाद सुटणे शक्यच नव्हते.

पश्चिमेतली मालमत्ता : यात्रेकरू घरी परतल्यावर जमिनी आणि चर्चे दान करत, त्यामुळे इटली, स्पेन, फ्रान्सपासून पोलंडपर्यंत मंडळाची ठाणी पसरली. आरागॉनचा राजा पहिला अल्फोन्सो ११३४ मध्ये वारला तेव्हा त्याने आपले राज्यच पवित्र कबर, हॉस्पिटल आणि टेम्पल हा दुसरा लष्करी धर्मसंघ, या तिघांच्या नावे केले होते. राज्य चालवणे मंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते. ११४१ मध्ये कॅननांनी आपला तिसरा हिस्सा सोडला आणि बदल्यात कालातायुद वगैरे ठिकाणी मालमत्ता घेतली. हा शहाणपणाचा सौदा होता. दक्षिण इटलीतले बार्लेत्ता हे बंदर पूर्वेकडच्या वाहतुकीसाठी सोयीचे होते. पोलंडमधले मिएखुफ ११६३ मध्ये याक्सा या सरदाराने स्थापले.

११८७ नंतर : ४ जुलै ११८७ च्या हत्तिनच्या लढाईत खऱ्या क्रुसाचा अवशेष गेला आणि ऑक्टोबरात शहर सलादीनच्या हाती आले. सुटकेचा दर पुरुषाला १० दिनार, बाईला ५. पॅट्रिआर्क हेराक्लिअसने आपले १० दिनार भरले आणि चर्चचे सोनेचांदी घेऊन तो बाहेर पडला. शहरात हजारो गरीब लोक खंडणीअभावी गुलाम झाले असताना केलेली ही कृती समकालीन मुस्लिम आणि ख्रिस्ती दोन्ही लेखकांनी नोंदवली आहे, आणि तिचे समर्थन करणे कठीण आहे. ११९२ नंतर कबरेपाशी दोन लॅटिन पुरोहित आणि दोन डीकन ठेवण्याची परवानगी सलादीनने दिली. मंडळाचे ठाणे आक्रे या किनाऱ्यावरच्या बंदरात हलले. १२२९ ते १२४४ या काळात शहर परत मिळाले तरी जुनी गावे पूर्वीसारखी हाती आली नाहीत.

१२९१ मध्ये आक्रेही पडल्यावर कॅननांचे मुख्य ठाणे इटलीत पेरूज्याला गेले. १४८९ मध्ये पोप आठवा इनोसेंट याने हा संघ बरखास्त करून त्याची मालमत्ता हॉस्पिटलला जोडली, म्हणजे तीन शतकांपूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यालाच. मिएखुफची शाखा मात्र १८१९ पर्यंत चालू राहिली. कॅननांच्या सनदांच्या नकलवह्या पश्चिमेत नेल्या गेल्या म्हणून वाचल्या आणि आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. पॅट्रिआर्कचे दप्तर जवळजवळ सगळे नष्ट झाले. त्यामुळे या देवस्थानाच्या कारभाराचे आपल्याला दिसणारे चित्र मुख्यतः मंडळाच्या बाजूने रंगवलेले आहे. पॅट्रिआर्कच्या हक्कांविषयी वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.