कॅथलिक प्राथमिक शाळेचा आठवडा असा कसा घडला: थोडी पार्श्वभूमी

कुठल्याही देशातली कॅथलिक प्राथमिक शाळा घ्या, आठवड्याचा साचा साधारण ओळखीचाच निघतो. सकाळी असेंब्ली आणि प्रार्थना, जेवणाआधी पुन्हा प्रार्थना, आठवड्यातून काही तास धर्मशिक्षणाचे, एखाद्या दिवशी वर्गाची नाहीतर अख्ख्या शाळेची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), आणि उरलेला सगळा वेळ गणित, भाषा, विज्ञान, खेळ, चित्रकला, म्हणजे इतर शाळांत असतं तेच. बघणाऱ्याला वाटतं की हे सगळं कुणीतरी एकदाच बसून ठरवलं असणार, पण तसं झालेलं नाही. यातला एकेक भाग वेगळ्या शतकात, वेगळ्या गरजेतून आलाय, आणि सुरुवातीच्या बहुतेक गरजा गरीब घरातल्या मुलांच्या होत्या. आज कॅथलिक शाळा म्हटलं की शिस्त, युनिफॉर्म आणि ॲडमिशनची धावपळ आठवते, त्यामुळे ही बाजू मागे पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात आठवड्याच्या एकाच दिवसापासून झाली, रविवारपासून. सोळाव्या शतकातल्या इटलीत गरिबाघरची मुलं सहा दिवस काम करायची, त्यांना मोकळा वेळ मिळायचा तो रविवारी आणि सणाच्या दिवशी. १५३६ मध्ये मिलान शहरात कास्तेल्लीनो दा कास्तेल्लो नावाच्या धर्मगुरूने अशा मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग चालू केले, फुकट, आणि त्यात प्रार्थनांबरोबर लिहायला-वाचायलाही शिकवायचे. शिकवणारे बरेचसे साधे प्रापंचिक लोक होते, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेले, पुरुष आणि बायका दोन्ही. पुढे कार्लो बोरोमेओ मिलानचे आर्चबिशप झाले, त्यांनी हे काम इतकं वाढवलं की १५८४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या धर्मप्रांतात अशा वर्गांना येणाऱ्यांची संख्या ४० हजारांच्या घरात होती. चर्चमधल्या सुधारणांसाठी भरलेली बिशपांची ट्रेंटची धर्मसभा (१५४५ ते १५६३) नुकतीच होऊन गेलेली, लोकांना आपला धर्म नीट समजला पाहिजे हा तेव्हा चर्चच्या जिवाभावाचा प्रश्न होता, त्यामुळे या वर्गांना वरूनही पाठबळ मिळालं.

पण आठवड्यातल्या एका दिवसाने काय होणार? हे ज्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागलं तो माणूस म्हणजे जोसेफ कालासान्झ. मूळचा स्पेनमधल्या आरागॉनचा, १५९२ मध्ये रोमला आला तो चर्चमध्ये चांगली जागा मिळेल या आशेने. तिथे तो असे रविवारचे वर्ग चालवणाऱ्या धर्मशिक्षण मंडळाबरोबर रविवारी गरीब वस्त्यांत जाऊन शिकवायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की रविवारी शिकलेलं उरलेल्या सहा दिवसांत पुसलं जातंय, पोरं रस्त्यावरच वाढतायत. शहरात शाळा नव्हत्या असं नाही, पण फी द्यावी लागायची. शेवटी १५९७ मध्ये त्रास्तेवेरे भागातल्या सांता दोरोतेया चर्चमध्ये मिळालेल्या जागेत त्याने रोज भरणारी आणि पूर्ण फुकट अशी शाळा काढली. वाचन, लेखन, हिशेब आणि धर्म. युरोपातली सर्वसामान्यांसाठीची पहिली मोफत शाळा म्हणून हिचं नाव घेतात. पुढे त्याने पियारिस्ट संघ स्थापन केला, त्या संघावर फार वाईट दिवस आले, १६४६ मध्ये पोपनीच त्याचा दर्जा काढून घेतला आणि कालासान्झ १६४८ मध्ये ते दुःख घेऊनच गेला. १६६९ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, १७६७ मध्ये कालासान्झला संतपद मिळालं आणि १९४८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याला जगभरातल्या ख्रिस्ती लोकशाळांचा आश्रयदाता संत ठरवलं. माझ्या मते सोमवार ते शनिवार भरणाऱ्या कॅथलिक प्राथमिक शाळेची खरी सुरुवात हीच, आणि याचं नाव अशा शाळांत शिकलेल्या किती जणांना माहीत असेल याची मला खरंच शंका आहे.

मात्र रोजच्या दिवसाची घडी बसवली ती फ्रान्समध्ये. जाँ-बातिस्त द ला साल, जन्म १६५१, रॅंसच्या श्रीमंत घरातला, चर्चमध्ये मानाचं पद असलेला माणूस. १६७९ च्या सुमारास गरीब मुलांच्या शाळांच्या कामात ओढला गेला आणि मग त्याने शिक्षकांना चक्क स्वतःच्या घरात राहायला आणलं, आपलं पद सोडलं, संपत्ती वाटून टाकली. या शिक्षकांचा त्याने संघ केला, तेच त्याचे ब्रदर्स. ते धर्मगुरू नव्हते, त्यांचं काम शिकवणं एवढंच. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी शिक्षक एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवायचा आणि बाकीचे बसून राहायचे. ला सालच्या शाळांत अख्ख्या वर्गाला एकदम शिकवायची पद्धत नीट बसवली गेली, आणि वाचायला आधी लॅटिन न शिकवता मुलांची बोलायची भाषा म्हणजे फ्रेंच शिकवायला घेतली. आज हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की कुणी मुद्दाम आणलं असेल असं वाटतच नाही.

त्या शाळा कशा चालवायच्या याची एक नियमावली त्यांनी अनुभवातून लिहून काढली, ती १७२० मध्ये छापली गेली. ती वाचताना वर्ग डोळ्यासमोर उभा राहतो. शिक्षकाने शक्यतो कमीच बोलायचं, हातात एक छोटं लाकडी साधन असायचं, त्याचा टक्क आवाज झाला की कुणी वाचायचं, कुणी थांबायचं, कुठे चुकलं ते मुलांना कळायचं. पोरं सकाळचा नाश्ता शाळेतच करायची, तो वेळही वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून खाता खाता प्रार्थना आणि पाठांतर चालायचं, आणि ज्यांच्याकडे जास्तीची पोळी म्हणजे पाव असेल त्यांनी तो टोपलीत टाकायचा, मग तो वर्गातल्या गरीब मुलांना वाटला जायचा. मुलांना कामं वाटून दिलेली असायची, एक प्रार्थना म्हणणारा, एक घंटा वाजवणारा, एक दार सांभाळणारा, एक झाडणारा, आणि जो आला नाही त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा वेगळा. रोज मिस्सेला नेत, रोज अर्धा तास धर्मशिक्षण, रविवारी आणि सणाला ते जास्त वेळ, आणि आठवड्यात दुसरा सण नसेल तर गुरुवारी सुट्टी. आजच्या मॉनिटरपासून ते गरजूंसाठी वर्गात होणाऱ्या कलेक्शनपर्यंत बऱ्याच गोष्टींची जुनी रूपं इथे सापडतात.

मुलींचं काय, तर त्यांच्या शाळांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अँजेला मेरिचीने १५३५ मध्ये ब्रेशियात उर्सुलाइन मंडळ सुरू केलं आणि पुढे फ्रान्समध्ये उर्सुलाइन सिस्टर्सनी मुलींच्या शाळांचं जाळं उभं केलं. आयर्लंडमध्ये नॅनो नेगल हिने १७५० च्या दशकात कॉर्क शहरात गुपचूप शाळा चालू केली, गुपचूप अशासाठी की ब्रिटिश कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी होती आणि पकडली गेली असती तर शिक्षा होती. तिने १७७५ मध्ये सुरू केलेल्या मंडळाचं काम पाहून एडमंड राइस या व्यापाऱ्याने १८०२ मध्ये वॉटरफर्डला मुलांसाठी तसंच काम हातात घेतलं, तेच पुढचे ख्रिश्चन ब्रदर्स.

एकोणिसाव्या शतकात सगळं गणित बदललं कारण आता सरकारं स्वतः शाळा काढायला लागली. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळेतून धर्मशिक्षण काढलं, पण पालकांना हवं असेल तर बाहेर शिकवता यावं म्हणून रविवारशिवाय आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला, तो अर्थातच गुरुवार, आणि १९७२ मध्ये तो बुधवार झाला. अमेरिकेत भांडण वेगळं होतं, तिथल्या सरकारी शाळांत प्रोटेस्टंट बायबल आणि प्रोटेस्टंट प्रार्थना चालायच्या, कॅथलिक स्थलांतरितांना ते मान्य नव्हतं, १८४४ मध्ये फिलाडेल्फियात यावरून दंगली झाल्या आणि माणसं मेली. शेवटी १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत बिशपांनी ठरवलं की प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे. सगळीकडे ते जमलं नाही, पण शाळा प्रचंड वाढल्या, आणि त्या वाढल्या त्या नाममात्र मानधनावर पन्नास-साठ मुलांचे वर्ग सांभाळणाऱ्या सिस्टर्सच्या जिवावर, हे ठासून सांगितलंच पाहिजे. १८८५ मध्ये आलेलं बाल्टिमोर कॅटेकिझम तेव्हाच्या वर्गांचं मुख्य पुस्तक झालं, त्याच्या मोठ्या आवृत्तीत ४२१ प्रश्नोत्तरं होती आणि ती घोकून पाठ करायची, रोज थोडी थोडी.

आता शुक्रवारकडे वळू. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा आणि कम्युनियन (मिस्सेत येशूचं शरीर मानून भाकर घेणं) हा प्रघात येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीतून आला, ती भक्ती सतराव्या शतकात फ्रान्समधल्या मार्गारेट मेरी आलाकॉक या सिस्टरमुळे पसरली. पण प्राथमिक शाळेत त्याला जोर आला तो १९१० नंतर. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना पहिलं कम्युनियन दहा-बारा वर्षांचं झाल्यावर मिळायचं, कधी त्याहूनही उशिरा. ८ ऑगस्ट १९१० ला पोप दहावे पायस यांच्या आदेशाने साधारण सात वर्षांच्या मुलाला, बरंवाईट कळायला लागलं की, कम्युनियन द्यायचं ठरलं, आणि एका फटक्यात दुसरीचा वर्ग हा आधी कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) मग कम्युनियन अशा तयारीचा वर्ग होऊन बसला. पुन्हा तेव्हा नियम असा होता की कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हणजे सात-आठ वर्षांची पोरं पहिल्या शुक्रवारी उपाशीपोटी शाळेत यायची, मिस्सा व्हायची, आणि मग वर्गात आपापल्या बाकावर बसून घरून आणलेला नाश्ता खायची, त्यानंतर तास सुरू. हा नियम १९५३ मध्ये थोडा सैल झाला, १९५७ मध्ये तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर.

सरकारी पैशाचा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने सोडवला. स्कॉटलंडने १९१८ मध्ये कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत घेतल्या आणि त्यांचं धर्मशिक्षण कायम ठेवलं, इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यातून अनुदानाची वाट निघाली. ऑस्ट्रेलियात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मदत बंद झाली ती झालीच. १९६२ मध्ये गोलबर्न गावातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेला सरकारने सांगितलं की जास्तीची टॉयलेट बांधा, शाळेकडे पैसे नव्हते, तेव्हा गावातल्या कॅथलिकांनी आपल्या सगळ्या शाळाच बंद केल्या आणि सुमारे दोन हजार मुलांना सरकारी शाळेत नाव घालायला पाठवून दिलं. सगळ्यांना जागा मिळणं शक्यच नव्हतं. आठवडाभराने शाळा परत सुरू झाल्या, पण कॅथलिक शाळा बंद पडल्या तर सरकारवर किती बोजा पडेल हे देशाला दिसलं आणि पुढच्या काही वर्षांत मदत पुन्हा सुरू झाली.

१९६० च्या दशकात दोन गोष्टी बरोबरच घडल्या. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने २८ ऑक्टोबर १९६५ ला शिक्षणावर स्वतंत्र दस्तऐवज दिला, पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक हे त्यात स्पष्ट म्हटलंय. मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत आली, त्यामुळे शाळेच्या मिस्सेत मुलं स्वतः वाचन करायला, प्रार्थना लिहायला लागली. घोकंपट्टीही मागे पडत गेली, रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती यांनी १९५४ पासून माँटेसरी पद्धतीने, लाकडी वेदी आणि मेंढपाळाच्या छोट्या आकृत्या मुलांच्या हातात देऊन, धर्मशिक्षण सुरू केलंच होतं. दुसरी गोष्ट म्हणजे सिस्टर्स आणि ब्रदर्सची संख्या झपाट्याने घटली. अमेरिकेत ऐन भरात कॅथलिक शाळांत ५२ लाखांवर मुलं होती, आता १७ लाखांच्या आसपास आहेत आणि शिक्षक जवळपास सगळे प्रापंचिक. जगाचं चित्र मात्र तसं नाही, आज जगभरात सुमारे एक लाख कॅथलिक प्राथमिक शाळा आहेत, मुलं साडेतीन कोटींच्या आसपास, आणि आफ्रिकेत तर संख्या वाढतेय.

याचा परिणाम आठवड्यावर झालाच. पूर्वी वर्गावरची सिस्टरच गणितही शिकवायची आणि कम्युनियनची तयारीही करून घ्यायची, आता बऱ्याच ठिकाणी ही तयारी संध्याकाळी किंवा रविवारी चर्चमध्ये पालकांना बरोबर घेऊन होते, आणि शाळेत धर्मशिक्षण हा नीट आखलेला विषय झालाय कारण वर्गात इतर धर्मांची मुलंही असतात. इंग्लंड-वेल्समध्ये प्रापंचिक शिक्षकांसाठी १९९० च्या दशकापासून वेगळा सर्टिफिकेट कोर्स आहे. तिथल्या बिशपांचा नियम असा की शिकवण्याच्या एकूण वेळेतला १० टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यायचा, म्हणजे आठवड्याला २५ तास धरले तर अडीच तास, आणि असेंब्ली, रोजची प्रार्थना, गाण्यांचा सराव आणि मिस्सा यातलं काहीही त्या अडीच तासांत मोजायचं नाही.