डॅशबोर्डमागचे तुटलेले दाते

गाडीची चावी फिरवताच डॅशबोर्डच्या आतून काही सेकंद 'टक-टक-टक' असा आवाज येतो आणि आपोआप थांबतो. एसी लावला की चालकाच्या बाजूला थंड हवा लागते, शेजारच्या बाजूला मात्र कोमट. गॅस भरून होतो, फिल्टर बदलून होतो, तरी फरक पडत नाही. स्वयंचलित एसी असलेल्या गाड्यांमध्ये या तक्रारीचे मूळ पुष्कळदा कॉम्प्रेसरमध्ये नसते. ते मुठीत मावेल एवढ्या एका प्लास्टिकच्या डबीत असते. या डबीला ॲक्च्युएटर म्हणतात, आणि आवाज असतो तो तिच्यातल्या गिअरचे दाते एकमेकांवरून घसरण्याचा.

ब्लोअरने ओढलेली हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते. पुढे तिचा किती भाग इंजिनच्या गरम पाण्यावर तापलेल्या हीटर कोअरमधून न्यायचा आणि किती तसाच सोडायचा, हे एक झडप ठरवते. हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची आणि ती काचेवर, छातीवर की पायांवर सोडायची, यासाठी आणखी झडपा असतात. पूर्वी या झडपा हाताने सरकवायच्या खटक्याने आणि केबलने हलत. आता प्रत्येकीला ॲक्च्युएटर, म्हणजे डबीत बसवलेली १२ व्होल्टची छोटी मोटर असते. ही मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, झडपेला मात्र काही सेकंदांत जेमतेम पाव-अर्धा फेरा हवा असतो. म्हणून मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, आणि त्यापुढे तीन-चार गिअरची साखळी बसवून वेग शेकडो पटींनी उतरवला जातो.

वेग उतरतो तसे बल चढते, आणि दाते कुठे तुटतात याचे उत्तर इथेच आहे. शेवटच्या गिअरवर दीड न्यूटन-मीटर एवढे पिळाचे बल असेल आणि गिअरची त्रिज्या १५ मिलिमीटर असेल, तर दात्यांवर १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाएवढा भार येतो. एका वेळी तो एक-दोन दात्यांनाच पेलावा लागतो. विल्फ्रेड लुइस या अमेरिकी अभियंत्याने १८९२ मध्ये गिअरच्या दात्याकडे एका टोकाला पक्क्या बसवलेल्या तुळईसारखे पाहून दाखवले, की सर्वांत जास्त ताण दात्याच्या मुळाशी येतो. डबी उघडून भिंगातून पाहिले तर तडा नेमका तिथेच, मुळाच्या वळणापाशी सापडतो. सर्वांत वेगाने फिरणारा वर्म मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतो.

हे गिअर सहसा ॲसिटलचे किंवा नायलॉनचे असतात. ॲसिटलचा, म्हणजे पॉलिऑक्सिमिथिलीनचा अभ्यास हर्मन श्टाउडिंगर यांनी १९२० च्या दशकात केला होता. पण उष्णतेने त्याच्या रेणूंच्या साखळ्या टोकाकडून उसवत जात. ही टोके रासायनिक रीतीने बंद करण्याची युक्ती साधल्यावर ड्यूपाँट कंपनीने १९६० मध्ये ते 'डेल्रिन' या नावाने बाजारात आणले. ते गुळगुळीत आहे, तेलाशिवायही फिरते आणि पाणी फारसे शोषत नाही. दोष उष्णतेचा आहे: ८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर जातो, एवढे लक्षात घेतले की यात नवल उरत नाही.

थंडीचा त्रास वेगळा आहे. ॲसिटल तापमानाबरोबर पोलादाच्या सुमारे नऊ पट प्रसरण-आकुंचन पावते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि थंड होताना ती चाकाला आवळते. पोलादी दांड्यावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअरही कडाक्याच्या थंडीत दांड्याला तसाच आवळत जातो. धाव तो ताण सोसते, प्लास्टिकच्या गिअरचा तुंबा, म्हणजे दांड्यावर बसणारा मधला भाग, मात्र वर्षानुवर्षांच्या ताणाने उभा चिरतो. दाते शाबूत, पण गिअर दांड्यावर नुसताच फिरतो, असा बिघाड हिमप्रदेशातल्या गाड्यांत दिसला तर कारण बहुधा हेच असते.

तरीही सगळा दोष प्लास्टिकच्या माथी मारणे मला पटत नाही. वर्म मोटरकडून गिअरकडेच बल जाऊ देतो, उलट नाही. म्हणून वीज बंद असतानाही झडप जागच्या जागी राहते. याची दुसरी बाजू अशी, की झडप तिच्या फोमच्या कडेवर दाबून मोटर थांबली, तर तो दाब दात्यांवर तसाच अडकून राहतो. गाडी दिवसभर उन्हात उभी असते, इंजिन बंद असते, आणि एकच दाता तापल्या स्थितीत भार पेलत हळूहळू वाकत राहतो. आपल्याकडे बारा महिने पूर्ण थंडावर ठेवलेल्या झडपेचा भार तर त्याच त्या दात्यांवर पडतो.

त्यात भर नियंत्रणाची. काही ॲक्च्युएटरमध्ये झडपेची जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. त्याचा कार्बनचा पट्टा झिजला, की कुठे थांबायचे हे नियंत्रकाला कळत नाही आणि मोटर झडपेला टोकाच्या आडकाठीवर रेटत राहते. दोनच तारांच्या प्रकारात पोटेन्शिओमीटर नसतोच. मोटरच्या प्रवाहातले ठोके मोजून जागा ठरवली जाते, आणि टोक शोधण्यासाठी झडप मुद्दाम आडकाठीवर नेऊन टेकवावी लागते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात गिअरपासून करू नये. बॅटरीची तार काढावी. पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. ॲक्च्युएटर सोडवल्यावर झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. फोम सडून चिकट झाल्यामुळे झडप अडकत असेल, तर नवा गिअरही जुन्याच्या वाटेने जाईल.

डबी उघडण्यापूर्वी गिअरची जागा खुणेने नोंदवावी, कारण झाकण निघताच सगळे सुटे होतात. तुटलेला दाता फेव्हिक्विकने चिकटवण्याचा मोह होतो, पण ॲसिटलच्या पृष्ठभागाला गोंद धरतच नाही, एम-सीलचेही तेच. शेवटचा गिअर पूर्ण फिरत नसल्यामुळे त्याचे निम्म्याहून अधिक दाते कधी वापरलेच गेलेले नसतात. दांड्याची खाच दोन्ही बाजूंनी सारखी असेल आणि पोटेन्शिओमीटर त्याच गिअरला जोडलेला नसेल, तर तो अर्धा फेरा फिरवून बसवला की कोरे दाते कामाला येतात. ही फुकटची दुरुस्ती मला सर्वांत आवडते. चिरलेल्या तुंब्यावर पितळेची घट्ट कडी चढवणे हाही चांगला उपाय आहे.

नवा गिअर करायचा तर व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजून त्याला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून भागावे. येणारा आकडा म्हणजे मॉड्यूल, दात्यांच्या आकाराचे माप. ३० दाते आणि १६ मिलिमीटर व्यास असेल, तर मॉड्यूल ०.५. अशा दात्याची जाडी मधल्या वर्तुळावर ०.८ मिलिमीटरहूनही थोडी कमी भरते. थ्री-डी प्रिंटरचे नेहमीचे नोझल ०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे दात्याच्या जाडीत प्लास्टिकच्या जेमतेम दोन रेषा बसतात. मोठ्या दात्यांचा गिअर छापता येईल, पण तो आडवा ठेवून, म्हणजे वाकवणारे बल थरांना सोलणार नाही. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक वापरू नये, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते. बारीक दात्यांसाठी डेल्रिनच्या सळईतून गिअर कापून घेणेच बरे.

पितळी गिअर बसवावा का? बसतो आणि टिकतोही, पण मग पुढच्या वेळी झडप अडकली तर तुटण्याची पाळी झडपेच्या दांड्यावर येते. गिअर एका दुपारी बदलता येतो. दांड्यासाठी अनेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यामुळे हा कच्चा दुवा मी कच्चाच ठेवीन.

जुने ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारे सिलिकॉनचे किंवा सिंथेटिक ग्रीस पातळ लावावे. बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे इथे नको, काही तेलांनी एबीएस प्लास्टिकच्या डबीला ताणाखाली तडे जातात. जोडणी झाल्यावर चावी फिरवून मिनिटभर एकाही बटणाला हात लावू नये. या वेळात नियंत्रक झडपेची दोन्ही टोके शोधून लक्षात ठेवतो. काही गाड्यांत तो हे आपणहून करत नाही, तेव्हा गाडीच्या नियंत्रकाशी बोलणारे स्कॅनर हे उपकरण जोडून आज्ञा द्यावी लागते.