अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधली ग्रॅज्युएट ट्रान्सफर: पात्रता, कागदपत्रं आणि छोट्या कॉलेजांचं नुकसान

अमेरिकेत डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने पदवी घेतली आणि खेळायचा हंगाम शिल्लक असला, तर तो दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश घेऊन लगेच खेळू शकतो. ही झाली ग्रॅज्युएट ट्रान्सफर. तिकडची मराठी कुटुंबं आणि इथून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर खेळायला जाणारी मुलं, दोघांनाही ती नीट माहीत असायला हवी.

सगळं अवलंबून आहे उरलेल्या हंगामांवर. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचा मूळ नियम असा, की कोणत्याही कॉलेजात पहिल्यांदा पूर्णवेळ दाखल झाल्यापासून पाच वर्षं मोजायची आणि त्यात चार हंगाम खेळायचे. दुखापतीमुळे किंवा प्रशिक्षकाच्या निर्णयाने एक वर्ष बाहेर बसलेला, म्हणजे रेडशर्ट झालेला, खेळाडू चौथ्या वर्षी पदवीधर होतो तेव्हा त्याच्याकडे एक हंगाम उरतो. कोविडचा 2020-21 हंगाम कुणाच्याच खात्यात धरला नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं असे खेळाडू खूप वाढले. आपले किती हंगाम उरलेत हे कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या कार्यालयाकडून, लेखी घ्या.

अर्जही तिथूनच सुरू होतो. ट्रान्सफरची लेखी सूचना दिली की दोन कामकाजाच्या दिवसांत त्या ऑफिसला खेळाडूचं नाव ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या एनसीएएच्या ऑनलाइन यादीत, टाकावंच लागतं. ऑक्टोबर 2018 च्या आधी कॉलेज परवानगी अडवू शकत असे. पोर्टल उघडं असण्याची मुदत मात्र सारखी बदलते: 2023 मध्ये 60 दिवस होती, 2025 मध्ये 30. त्या त्या वर्षीच्या तारखा आधी पाहा. आणि एक लक्षात ठेवा, नाव पोर्टलवर गेलं की चालू सत्र संपल्यावर जुनं कॉलेज शिष्यवृत्ती थांबवू शकतं.

कागदपत्रांत खरी गोची होते अंतिम ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे गुणपत्रिकेची. त्यावर पदवी प्रदान झाल्याची तारीख हवी. एक विषय जरी राहिला तरी पदवीधर म्हणून प्रवेश अडतो. पदव्युत्तर विभागाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत वेगळी, शिफारसपत्रं वेगळी. प्रशिक्षकाने होकार दिला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. शिवाय वैद्यकीय तपासणी, सिकल सेल या रक्तदोषाच्या चाचणीचा अहवाल आणि शिष्यवृत्तीचा लेखी करार लागतो. एफ-वनवाल्यांनी अभ्यासक्रम संपल्यापासून 60 दिवसांच्या आत सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या विद्यापीठाकडे वळवून नवा आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठीचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, घ्यायचा.

खेळाडूच्या बाजूने नियम न्याय्यच आहे. त्याने पदवी कमावली आहे, त्याला कुणी अडवू नये. पण किंमत छोटी कॉलेजं मोजतात. डाल्टन नेक्ट हा खेळाडू 2022-23 मध्ये छोट्या नॉर्दर्न कोलोरॅडोकडून सामन्याला 20 च्या वर गुण काढत होता. पुढच्या वर्षी टेनेसीकडून खेळून तो एसईसी या मोठ्या विद्यापीठांच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मॅक्स अब्मासने 2021 मध्ये ओरल रॉबर्ट्स या छोट्या विद्यापीठाला एनसीएए स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत नेलं, शेवटचा हंगाम मात्र तो टेक्ससकडून खेळला.

मला सर्वांत जास्त खुपतं ते रेडशर्टचं गणित. कच्च्या मुलाला वर्षभर बसवून, खाऊपिऊ घालून, नेम सुधारून तयार करणं ही छोट्या कॉलेजची ताकद होती. आता बसवलेलं ते वर्षच पदवीनंतरचा मोकळा हंगाम बनतं आणि त्याचा फायदा मोठं कॉलेज घेतं. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळे खेळाडू मिळून कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. छोट्यांनी त्यात कशी बरोबरी करायची? मोठ्या संघात बाकावर बसलेले किंवा खालच्या डिव्हिजन टूमधले खेळाडू ही छोटी कॉलेजं घेतात, पण दरवर्षी नव्याने संघ जुळवताना एकमेकांची सवय व्हायलाच अर्धा हंगाम जातो.

म्हणून पोर्टलवर नाव टाकण्याआधी आपल्या प्रशिक्षकाला समोर बसून सांगा. नियमात तशी सक्ती नाही, पण तुमच्या जागी खेळाडू शोधायला त्यांनाही त्याच मर्यादित दिवसांत धावपळ करावी लागते.