लूरवरचा शेवटचा हात: इपॉक्सी, पीयू आणि ‘हार्डनर’ नावाचा घोळ

“इपॉक्सी लावून तीन दिवस झाले, अजून बोट चिकटतंय. हार्डनर थोडा वाढवायला हवा होता का?” घरी लूर, म्हणजे मासे पकडायचा लाकडी खोटा मासा, बनवणाऱ्यांकडून हा प्रश्न पावसाळा लागला की हमखास येतो. त्यावर कोणीतरी तितक्याच हमखास सांगतं, “पुढच्या वेळी चार थेंब जास्त टाक.” हा सल्ला चुकीचा आहे. असा लूर बऱ्याचदा चिकट राहतो तो हार्डनर आधीच जास्त पडल्यामुळे. आणखी चार थेंब टाकले तर पुढचा लूर याहून चिकट निघेल.

घोळ होतो तो नावामुळे. रंगावरचं पारदर्शक आवरण म्हणून लूरला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी लावतात. पीयू दोन डब्यांत येतो, इपॉक्सी दोन बाटल्यांत येतं, आणि दोन्हीकडे दुसऱ्या डब्याला दुकानदार ‘हार्डनर’च म्हणतो. लावल्यावर दोन्ही काचेसारखे चमकतात. मग एकाचा हात दुसऱ्यावर चालवला जातो.

पीयू बहुतेकांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यावर फार वेळ नको. सागवानी दारावर सुतार मारतो तो पीयू, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीवर मारतात तो टू-के (दोन डब्यांचा) क्लिअरही त्याच घराण्यातला. त्यातलं थिनर उडून जातं, उरलेलं रेझिन (पहिल्या डब्यातला मुख्य माल) आणि हार्डनर एकमेकांत गुंततात आणि मागे पातळ, कडक कातडी राहते. एका हाताला वाळल्यावर साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एकाच डब्यात मिळणारा ‘पीयू’ वार्निश ही वेगळी वस्तू आहे. त्यात दुसरा डबा नसतो. लूरसाठी तो घेऊच नये. रबरी बेडूक किंवा मऊ प्लास्टिकचा मासा लूरच्या डब्यात त्याला टेकला तर काही दिवसांत पृष्ठभाग पाघळतो.

कोटिंगच्या इपॉक्सीत उडून जाणारं काही नसतं. ब्रशने जेवढं बसवाल तेवढं सगळं तिथेच राहतं. एका हातात ०.३ मिलिमीटर सहज बसतं, म्हणजे पीयूचे सहा-सात हात एकदम. ७ सेंटिमीटरच्या लूरला साधारण १ मिलिलीटर लागतं आणि वजन १.१ ग्रॅमच्या आसपास वाढतं. पाच लूर करायचे तर ६ मिलिलीटर पुरतं.

आता हार्डनर. इथे मात्र घाई नको.

‘घाई असेल तर थोडा जास्त टाक’ ही सवय ना इपॉक्सीची, ना पीयूची. ती फायबरच्या कामातून आली आहे. गणपतीचे साचे, गाडीचे बंपर ज्यात करतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात जे १ ते २ टक्के टाकतात, त्यालाही बोलताना हार्डनर म्हणतात, पण ते काम करतं विरजणाचं. चमचाभर विरजणाने लिटरभर दूध लागतं, थंडीत थोडं जास्त घातलं की लवकर लागतं. विरजण स्वतः दह्याचा मोठा भाग होत नाही. पॉलिएस्टरमध्ये म्हणूनच थेंब कमी-जास्त केले की वेळ कमी-जास्त होतो.

इपॉक्सीचा हार्डनर विरजण नाही. तो ऐवजाचाच भाग आहे. रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा एक कण जोडीला लागतो, जसा कोल्हापुरी चपलेच्या डाव्या पायाला उजवा. शंभर डावे आणि शंभर उजवे असतील तर शंभर जोड होतात. उजवे एकशेवीस आणले म्हणून जोड वाढत नाहीत, वीस पाय नुसते पडून राहतात. इपॉक्सीत हे ‘पडून राहिलेले पाय’ म्हणजे तेलकट अमाइन, हार्डनरमधलं मुख्य रसायन. ते थराच्या आत कायमचं राहतं, थर मऊ ठेवतं आणि पाणी ओढतं. असा लूर घरी कसाबसा चालतो, पण दोन तास पाण्यात राहिला की पोटाकडे दुधाळ दिसायला लागतो. हार्डनर कमी पडला तर उलट रेझिन एकटं उरतं आणि तेही तितकंच मऊ राहतं. चूक कुठल्याही बाजूला झाली तरी शिक्षा एकच.

पीयूचा हार्डनर आयसोसायनेट जातीचा असतो. त्यालाही जोडी लागते, पण जोडी न मिळालेले कण हवेतली वाफ पकडतात आणि तिच्यामार्फत आपसांतच जुळतात. १० टक्के जास्त पडला तर थर जरा कडक, जरा ठिसूळ होतो, पण चिकट राहत नाही. कमी पडला तर मात्र पीयूही मऊ राहतो आणि थिनरचा बोळा फिरवला की चमक जाते. सुतार डब्यात अंदाजाने ओततो आणि तरी त्याचं दार उत्तम येतं, त्याचं कारण हे. त्याचा माल त्याला थोडी सूट देतो. इपॉक्सी ती सूट देत नाही, आणि हे माहीत नसल्याने चांगल्या हाताचे कारागीर इपॉक्सीवर हरतात.

जास्त हार्डनर पडतो कसा? मुद्दाम टाकणारे थोडेच असतात. बहुतेकांचा घात वजन आणि माप यांच्या गोंधळात होतो. बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं. ते मापाने की वजनाने, हे बारीक अक्षरात असतं. रेझिन जड असतं, मिलिलीटरला साधारण १.१५ ग्रॅम. हार्डनर हलका, ०.९७ ग्रॅमच्या आसपास. मापाने २० मिलिलीटरला १० म्हणजे वजनाने २३ ग्रॅमला ९.७. आता कोणी काटा घेऊन २३ ला साडेअकरा ग्रॅम तोलले, तर १.८ ग्रॅम जास्त गेले, म्हणजे जवळपास १९ टक्के. हा माणूस काटा वापरतोय, काळजी घेतोय, आणि तरी त्याचा प्रत्येक लूर चिकट. १:१ च्या मालातही तेच: मापाने सारखे असले तरी वजनाने १०० ला ८४.

तेव्हा आधी बाटली वाचा. मापाने दिलं असेल तर मापानेच घ्या. औषधाच्या दुकानातल्या विनासुईच्या दोन सिरिंज घ्या, रेझिनला १० मिलिलीटरची, हार्डनरला ५ ची, आणि त्यांची अदलाबदल कधीही करू नका. रेझिन दाट असतं, ओढताना आत हवेचा फुगा येतो आणि तो फुगाही आकड्यात मोजला जातो. सिरिंज तोंड वर करून धरा, नखाने टिचकी मारा, फुगा वर आला की दाबून बाहेर काढा, मगच रेषा वाचा. वजनाने घ्यायचं असेल तर स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही. हार्डनर २ ग्रॅम लागणार असेल तर नुसत्या ०.१ ग्रॅमच्या चुकीनेही ५ टक्के फरक पडतो. गुजरीत सराफ सोनं तोलतात तसला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा.

मिसळणं पूर्ण तीन मिनिटं, सावकाश. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला लागलेलं न मिसळलेलं रेझिन दुसऱ्या कपात खरवडून घेऊ नका.

चिकट लूर हातात आला की तो कुठे चिकट आहे ते आधी पाहा. सगळीकडे सारखा मऊ असेल तर प्रमाण चुकलं. ठिपक्या-ठिपक्यांनी किंवा एका पट्ट्यात मऊ आणि बाकी टणक असेल तर प्रमाण बरोबर होतं, ढवळणं कमी पडलं. आतून टणक, नख रुतत नाही, पण वर मेणचट बुळबुळीत वाटत असेल, तर तो तिसराच प्रकार. त्याबद्दल पुढे. प्रमाण चुकलेल्या थरावर वरून हार्डनर फिरवून काही साधत नाही, आणि नवा थर चढवला तर खालचा मऊच राहतो, ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) आपटला की त्यात खळगा पडतो. ब्लेडने सगळं खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा लावा.

तो मेणचट प्रकार आपल्याकडच्या पावसाळ्याचा. इपॉक्सीचा अमाइन घट्ट होण्याआधी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर तेलकट साय धरतो. लोक ती थेट घासकागदाने घासतात. घासल्याने ती सगळीकडे पसरते, आणि पुढच्या थरात तिच्यामुळे डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात नाहीतर तो महिन्याने सोलून निघतो. आधी कोमट पाणी आणि हिरवी घासणी, मग कोरडं कापड, मग ४०० नंबरचा कागद. पीयूला त्याच हवेत वेगळं दुखणं होतं: हार्डनर वाफेशी जुळताना वायू सुटतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे गरम पेटी. जुन्या लाकडी खोक्यात ४० किंवा ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, लूरपासून वीतभर लांब. जुलैत खोलीत २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३४ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता जवळपास ५० टक्क्यांवर येते. एवढा फरक फक्त एका बल्बने पडतो.

थिनरबद्दल एक गोष्ट ठामपणे. पीयूत पीयूचंच थिनर घाला. दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं की एनसी लॅकरचं थिनर हातात पडतं. त्यात अल्कोहोल असतं, ते हार्डनरला आधीच खाऊन टाकतं आणि थर मंद, मऊ राहतो. इपॉक्सीत तर कुठलंच थिनर घालू नये. ते आत अडकतं आणि नंतर थर आकसतो. इपॉक्सी दाट वाटलं तर रेझिनची बाटली दहा मिनिटं ४० अंशांच्या पाण्यात ठेवा, पाकासारखं पातळ होतं. गरम मालाचा वेळ मात्र निम्म्यावर येतो, तेव्हा लूर आधी तयार ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रेझिनमध्ये पांढरे कण दिसले तर ते खराब झालं म्हणून फेकू नका. ते साखरेसारखं गोठलं आहे. ५० ते ६० अंशांच्या पाण्यात ठेवलं की पुन्हा पारदर्शक होतं. पीयूचा हार्डनर गढूळ झाला किंवा डबा फुगला तर मात्र तो गेला.

पीयू फवारणाऱ्यांसाठी: आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्या वासानेही त्रास होतो. कापडी मास्कचा इथे काहीही उपयोग नाही. पुरेशी साधनं नसतील तर फवारणी गाडीच्या रंगवाल्याकडून करून घ्या, घरी फक्त ब्रश, तोही उघड्यावर. इपॉक्सीला वास कमी म्हणून हात उघडे ठेवू नका. हार्डनर त्वचेला लागून लागून खाज कायमची मागे लागते. नायट्राइलचे हातमोजे घाला.

उरलेले फरक पटकन. ऊन: साधं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं, पांढऱ्या पोटावर ते आधी दिसतं. गाडीचा क्लिअर पिवळा पडत नाही. खालचा रंग: पीयूचं थिनर मार्कर पेनची शाई पसरवतं आणि अर्धवट वाळलेल्या तैलरंगाला सुरकुत्या पाडतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी चिकटवण्यासाठी आहे, कोटिंगसाठी नाही.

मग घ्यायचं काय? पांगारा किंवा सावरीचं हलकं लाकूड, मरळीसाठी मोठा लूर, दोन ट्रेबल हुक आणि समोर पंचगंगेच्या घाटाचा काळा दगड, तर इपॉक्सीच. हलक्या लाकडावर पातळ कातडी टिकत नाही. दगडावर आपटला की लाकूड आत दबतं, पीयू वर तडकतो आणि पाणी तिथून शिरतं. ४-५ ग्रॅमच्या छोट्या लूरवर मात्र इपॉक्सी लावू नका. ग्रॅमभराचं ओझं त्याची चाल मारतं. तिथे पीयूचे तीन हात, मध्ये ६०० नंबरचा हलका कागद.

मोठ्या लूरवर सगळ्यात टिकाऊ ठरतं ते इपॉक्सीवर पीयू. कोऱ्या लाकडाला आधी इपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर लाकडातली हवा वरच्या थरात बुडबुडे सोडते. आयस्क्रूच्या (हुक अडकवायच्या कडीच्या स्क्रूच्या) भोकांत आणि ओठाच्या (लूरच्या तोंडापुढच्या पट्टीच्या) खाचेत काडीने इपॉक्सी भरा, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. तो हात घट्ट झाला की हलका कागद फिरवा, रंग द्या आणि २४ तास सुकू द्या. मग इपॉक्सीचा जाड हात देऊन लूर मिनिटाला ५-६ फेरे घेणाऱ्या मोटरवर सहा तास फिरवा. मायक्रोवेव्हच्या ताटाची मोटर चालते, पण घेताना तिच्यावरचे व्होल्ट वाचा, त्यातल्या काही थेट २३० वर चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी धुवा, कोरडं करा, ६०० नंबरने चमक मोडेपर्यंत ओलं घासा, पुसा आणि पीयूचा एक पातळ हात द्या. सात दिवस टांगून ठेवा, मग हुक लावा.