रेड ५ चा सल्ला आला कुठून? बॅकअप सर्व्हरची जागा वाढवण्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एखाद्या सीटी स्कॅन सेंटरला किंवा चादरीच्या डिझाइन स्टुडिओला बॅकअप सर्व्हरची जागा वाढवायची असली, की कोटेशन बहुधा ठरलेलं येतं: चार डिस्क, एक रेड कार्ड, लेव्हल ५. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठवण करण्याची पद्धत; तिच्या लेव्हल ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. एके काळी हा सल्ला बरोबर होता. ज्या डिस्ककडे बघून तो दिला गेला, त्या डिस्क मात्र आता बाजारात नाहीत.

डिझाइन जपण्याचा प्रश्न या शहराला नवा नाही. जेकार्ड मागावर नक्षी साठवली जायची ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत. एक पुठ्ठा फाटला तर तेवढाच नव्याने पाडायचा. डिस्क गेल्यावर तेवढ्यापुरतं भागत नाही, आणि रेडचा इतिहास इथूनच सुरू होतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा रेडवरचा निबंध १९८८ साली आला. बिघडलेल्या साठवण-एककातला डेटा बाकीच्यांवरून परत उभा करण्याच्या पद्धतीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं. बर्कलीकरांनी त्यात पैशाचा हिशेब आणला. आयबीएमची ३३८० ही मेनफ्रेमची डिस्क ७.५ जीबीची, १४ इंची तबकड्यांची. कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क अवघी १०० एमबीची, पण दर एमबीला स्वस्त. मग अशा शंभर का जोडू नयेत? कारण एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभरांपैकी एखादी सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत जाणार. म्हणून पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून काढता यावा यासाठी साठवलेला जादा हिशेब. निबंधात लेव्हल १ ते ५ आहेत. दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारी लेव्हल ६ नंतरची.

आता त्या कॉनरच्या डिस्कचा वेग पाहा: सेकंदाला सुमारे १ एमबी. गेलेल्या डिस्कच्या जागी आलेली १०० एमबीची डिस्क भरायला शंभरेक सेकंद. इतक्या वेळात दुसरी डिस्क जाण्याची शक्यता नगण्य, त्यामुळे एक पॅरिटी पुरेशी होती. आजची १६ टीबीची डिस्क सरासरी १८० एमबी प्रति सेकंदाने लिहिली, तर सुमारे पंचवीस तास लागतात, तेही सर्व्हर दुसरं काहीच करत नसेल तर. क्षमता १,६०,००० पट वाढली, वेग १८० पट. लेव्हल ५ चं गणित या दरीत पडलं. त्यात भर म्हणजे साध्या डिस्कच्या माहितीपत्रकावर वाचनातल्या न सुधारता येणाऱ्या चुकीचं प्रमाण १०^१४ बिटांमागे कमाल एक, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक असं लिहिलेलं असतं. ४ टीबीच्या पाच डिस्कांच्या लेव्हल ५ मध्ये एक बदलायची तर १६ टीबी वाचावं लागतं. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात. पण एक पॅरिटी आधीच खर्ची पडलेली असताना एकही चूक झाकायला काही उरत नाही. मोठ्या डिस्कांसाठी लेव्हल ६ किंवा झेडएफएस या फाइल सिस्टमचं दोन पॅरिटींचं रेड-झेड२ यांच्याखाली उतरू नये.

रेड कार्डाचा आग्रहही जुन्या काळातला. पॅरिटी मोजणं प्रोसेसरला जड जायचं तेव्हा वेगळी चिप हवीच होती. लिहिताना मध्येच वीज गेली, तर डेटा नवा आणि पॅरिटी जुनी अशी फट राहते. म्हणून कार्डाच्या कॅशला, म्हणजे लिहायचा डेटा तात्पुरता धरणाऱ्या मेमरीला, बॅटरी लावली जाई. भारनियमनाची वर्षं पाहिलेल्यांना तिची किंमत सांगायला नको. पण बॅटरी दोन-चार वर्षांत उतरते, मग कार्ड कॅश बंद करतं आणि सर्व्हर अचानक संथ होतो. शिवाय अ‍ॅरेची, म्हणजे जोडलेल्या डिस्कांच्या संचाची, नोंद त्या कार्डाच्या स्वतःच्या पद्धतीने असते. कार्ड जळालं तर त्याच घराण्यातलं दुसरं शोधत फिरा. कार्डाशिवाय रेड चालवणारा लिनक्सचा एमडीअ‍ॅडम २००१ पासून आहे, झेडएफएस २००५ मध्ये सन कंपनीने खुला केला आणि त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीतच ती फट नाही. आज बॅकअप सर्व्हरला साधं एचबीए कार्ड, म्हणजे डिस्क नुसत्या जोडून देणारं, पुरतं.

जुन्या सर्व्हरमधून काढलेली कार्डं स्वस्तात मिळतात, तिथे चिप पाहून घ्या. एलएसआय कंपनीच्या एसएएस १०६८ई चिपला २ टीबीपुढची डिस्क पूर्ण दिसत नाही. त्यानंतरच्या एसएएस २००८ ला ती अडचण नाही. तिच्यावर आयटी मोडचं, म्हणजे रेड न करता डिस्क थेट दाखवणारं, फर्मवेअर असावं. एका एसएफएफ-८०८७ जोडातून चार साटा डिस्क निघतात, पण केबल ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ हवी. ‘रिव्हर्स’ केबल दिसायला तशीच असते आणि एकही डिस्क दिसू देत नाही. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेली आहेत. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर छोटा पंखा बसवल्याशिवाय चालवू नयेत.

डिस्कांमध्ये दोन खोड्या. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न मिनिटभरही करत राहते. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळतो आणि बरी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. एनएएस आणि सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, बाकीचं पॅरिटी पाहते. दुसरी खोडी एसएमआरची: यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि रिबिल्ड, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा परत उभा करणं, कित्येक दिवस रेंगाळतं. एनएएससाठी विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कांत हेच तंत्र असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये जाहीर केलं, तेही ग्राहकांनी ओरड केल्यावर. मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत तपासून सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, घ्यावी.

सोलापूरची स्वतःची भर उन्हाची आणि तुसाची. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो; ऑफिस बंद होताना एसी बंद होतो आणि बॅकअप नेमका रात्री चालतो. डिस्क ४५ अंशांच्या आत राहाव्यात. मागाजवळच्या जागेत जाळीवर कापसाचं तूस साचून हवा अडते. ती जाळी दर आठवड्याला काढून साफ करावी.

खरेदीचं बोलायचं तर १६ टीबीच्या सहा डिस्क लेव्हल ६ मध्ये ६४ टीबी देतात. काही प्रणालींच्या स्क्रीनवर ते ५८ दिसतील, तो फरक मोजण्याच्या एककाचा आहे. सातवी डिस्क कपाटात ठेवा, कारण बदली पुण्याहून किंवा त्याहून लांबून येईपर्यंत अ‍ॅरे लंगडा राहतो. सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर खेचते. सहांचे १२ अँपिअर झाले, पॉवर सप्लाय त्या हिशेबाने घ्या.

जुन्या अ‍ॅरेतल्या डिस्क एकेक करून मोठ्या बदलण्याचा मार्ग स्वस्त वाटतो, पण चार डिस्कांना चार रिबिल्ड पडतात. ओपन-झेडएफएसच्या २.३ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते. मात्र आधीचा डेटा जुन्याच प्रमाणात पसरलेला राहतो. बॅकअप सर्व्हरला तिसरा मार्ग बरा: नवा अ‍ॅरे शेजारी उभा करून डेटा त्यावर नेणं. त्याआधी प्रत्येक डिस्क एकदा पूर्ण लिहून आणि वाचून तपासावी. १६ टीबीला याला दोन दिवस लागतात, पण सहाही डिस्क एकाच वेळी तपासता येतात. डिस्कचा सिरियल क्रमांक स्लॉटवर चिकटवून ठेवा. बिघाडाच्या वेळी चुकून चांगली डिस्क ओढली जाणं फार सोपं असतं.