स्पर्धात्मक चीअरलीडिंगचे संगीत आणि ऑनलाइन चित्रफिती : कॉपीराइटचे प्रश्न

स्पर्धात्मक चीअरलीडिंगच्या रूटीनसाठी, म्हणजे संघ स्पर्धेत सादर करतो त्या कसरती आणि नृत्याच्या बांधीव कार्यक्रमासाठी, वाजवल्या जाणाऱ्या संगीतावर कोणाकोणाचा हक्क असतो आणि त्या रूटीनची चित्रफीत इंटरनेटवर गेल्यावर त्या हक्कांचे काय होते, हा अमेरिकेतील कॉपीराइट कायद्याचा एक गुंतागुंतीचा विषय आहे. हा खेळ मुख्यतः त्या देशात वाढला आणि त्याच्या संगीताचा व्यवसायही तेथेच उभा राहिला, त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकी कायद्याला धरून आहे. एकच अडीच मिनिटांचे संगीत सरावाच्या जागेत, स्पर्धेच्या मॅटवर आणि पडद्यावर अशा तीन ठिकाणी ऐकू येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या तीन वेगवेगळ्या कृती आहेत आणि एकीसाठी मिळालेली परवानगी दुसरीला आपोआप लागू पडत नाही. प्रशिक्षक, पालक आणि खेळाडू यांचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

ऑल-स्टार प्रकारातील, म्हणजे शाळांऐवजी खासगी चीअर-प्रशिक्षण संस्थांच्या (जिमच्या) संघांच्या, रूटीनची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे २ मिनिटे ३० सेकंद असते. तेवढ्या वेळात स्टंट (साथीदाराला वर उचलून धरणे), टंबलिंग (जमिनीवरील कोलांट्या), उड्या, पिरॅमिड, बास्केट टॉस आणि नृत्य हे सर्व बसवायचे असते, आणि ते आठ मोजांच्या घटकांत, म्हणजे एट-काउंटमध्ये, बसवले जाते. मिनिटाला १४४ ठोके असा वेग धरला तर पूर्ण रूटीनमध्ये ४५ एट-काउंट येतात. या संगीताला मिक्स म्हणतात. त्यात अनेक गाण्यांचे छोटे तुकडे, संघाचे नाव गुंफलेले व्हॉइस-ओव्हर आणि साउंड इफेक्ट एकत्र जोडलेले असतात. बास्केट टॉसमध्ये फ्लायर वर फेकली जाते तेव्हा मिक्समध्ये चढत जाणारा सुसाट आवाज येतो, आणि खालच्या बेसेस, म्हणजे तिला फेकणाऱ्या खेळाडू, तिला झेलतात नेमक्या त्या काउंटवर जोरदार ठोका पडतो. संगीत आणि हालचाल इतक्या घट्टपणे बांधलेली असल्यामुळे ‘गाणे बदला’ हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. दुसरे गाणे टाकले की ठोके चुकतात आणि मग संपूर्ण बांधणीच पुन्हा करावी लागते.

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र कॉपीराइट असतात. एक रचनेवरचा, म्हणजे चाल आणि शब्द यांवरचा. तो गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकांकडे असतो. दुसरा ध्वनिमुद्रणावरचा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो आणि व्यवसायात त्याला मास्टर म्हणतात. १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार प्रती काढणे, मूळ कृतीवर आधारित नवी कृती तयार करणे, प्रती वितरित करणे आणि जाहीर सादरीकरण करणे हे हक्क मालकाकडे राहतात. दहा गाण्यांचे तुकडे घेतलेल्या मिक्समागे म्हणून किमान वीस हक्क उभे असतात, आणि एका गाण्याचे पाच-सहा रचनाकार असल्यास त्यांतील प्रत्येकाचा वाटा वेगळ्या प्रकाशकाकडे असू शकतो.

यांपैकी सर्वांत सोपा भाग स्पर्धेच्या सभागृहाचा आहे. रचनेच्या जाहीर सादरीकरणाचे परवाने १९१४ मध्ये स्थापन झालेली अ‍ॅस्कॅप, १९३९ मध्ये स्थापन झालेली बीएमआय, तसेच सेसॅक यांसारख्या संस्था एकगठ्ठा देतात आणि ते आयोजक किंवा सभागृहाचे मालक घेतात. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अमेरिकी कायद्यात एक लक्षणीय त्रुटी आहे : सभागृहात मुद्रण वाजवण्यासाठी रेकॉर्ड कंपनीला काहीही द्यावे लागत नाही, कारण ध्वनिमुद्रणाचा सादरीकरण-हक्क १९९५ च्या दुरुस्तीने केवळ डिजिटल ध्वनिप्रसारणापुरता देण्यात आला. त्यामुळे रीतसर विकत घेतलेले एखादे गाणे, त्यात कसलेही मिश्रण न करता, परवाना असलेल्या सभागृहात वाजवले तर सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती मिक्स तयार होते त्या टप्प्यावर.

मिक्स करणे म्हणजे मुद्रणाची प्रत काढणे आणि तिच्यावरून नवी कृती घडवणे. गाणे दुकानातून विकत घेतले असले तरी हा अधिकार त्या खरेदीत येत नाही. अगदी लहान तुकडा घेतला तर चालते का, यावर संघीय अपील न्यायालयांत एकमत नाही. सहाव्या सर्किटने (सर्किट म्हणजे प्रादेशिक संघीय अपील न्यायालय) २००५ मध्ये ब्रिजपोर्ट खटल्यात मुद्रणाचा कितीही छोटा तुकडा परवान्याविना घेणे हे उल्लंघनच ठरवले, तर नवव्या सर्किटने २०१६ मध्ये व्हीएमजी सॅलसोल खटल्यात नगण्य वापराला दोष देण्यास नकार दिला. चीअरच्या मिक्समध्ये मात्र गाण्याचा ओळखीचा, लोकप्रिय भागच घेतला जातो, कारण प्रेक्षक आणि परीक्षक त्याला तत्काळ प्रतिसाद देतात. त्यामुळे नगण्यतेचा बचाव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

यातून निघालेला व्यवहार्य मार्ग कव्हरचा, म्हणजे तेच गाणे नव्याने मुद्रित करण्याचा, आहे. कायद्याच्या ११४(ब) कलमानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क फक्त त्या मुद्रणातील प्रत्यक्ष ध्वनींपुरता असतो. दुसऱ्या गायकांकडून तेच गाणे नव्याने गाऊन घेतले, ते मूळ मुद्रणासारखे हुबेहूब वाटले, तरी रेकॉर्ड कंपनीच्या हक्काला धक्का लागत नाही. उरतो तो रचनेचा हक्क. त्यासाठी ११५ व्या कलमात सक्तीच्या परवान्याची सोय आहे : एकदा प्रकाशित झालेल्या गाण्याचे नवे मुद्रण ठरावीक दराने करता येते. भौतिक प्रती आणि डाउनलोड यांसाठी हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्यामागे २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि त्यानंतर महागाईनुसार वाढत गेला. मात्र या परवान्याखाली मूळ चाल किंवा गाण्याचे मूलभूत स्वरूप बदलता येत नाही. दहा गाणी तोडून जोडलेला मिक्स या मर्यादेत बसतो का, हा खरा वादाचा मुद्दा आहे, आणि म्हणून प्रकाशकांशी थेट करार करणे अधिक सुरक्षित ठरते. चीअरसाठी खास लिहिलेली स्वतंत्र गाणी हा दुसरा मार्ग आहे; त्यांत सर्व हक्क निर्मात्याकडे असल्यामुळे पुढचे प्रश्न बरेच कमी होतात.

अनेक वर्षे या क्षेत्रात लोकप्रिय गाणी विनापरवाना मिक्समध्ये सर्रास वापरली जात होती. २०१० च्या दशकाच्या मध्यास रेकॉर्ड कंपन्यांनी हरकत घेतल्यावर चित्र पालटले. यूएसए चीअर या राष्ट्रीय संस्थेने संगीताच्या कॉपीराइटविषयी शिक्षणमोहीम हाती घेतली, आणि वापरलेल्या सर्व मुद्रणांचे लेखी परवाने आपल्याकडे आहेत असे प्रशिक्षकांकडून लिहून घेण्याची पद्धत रूढ झाली. व्हार्सिटी या स्पर्धा भरवणाऱ्या समूहाच्या नियमांत परवान्याची छापील प्रत जवळ बाळगणे अपेक्षित असते. कागद नसलेल्या संघाला मान्यताप्राप्त दुसऱ्या संगीतावर किंवा नुसत्या मोजणीवर रूटीन करण्याचा पर्याय दिला जातो, आणि तेही न जमल्यास संघ बाद होतो. दुसऱ्या संघाच्या संगीताबद्दल शंका असल्यास अधिकृत प्रशिक्षकाने १०० डॉलर भरून लेखी हरकत घ्यायची. हरकत खरी निघाली तर रक्कम घेतली जात नाही. खोटी ठरली तर ती सेंट ज्यूड बालरुग्णालयाला देणगी म्हणून जाते. न्यायालयाऐवजी स्पर्धेच्या टेबलावरच कागदपत्रे तपासणारी ही व्यवस्था संघांना शिस्त लावण्यात कायद्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु स्पर्धेत वैध ठरलेले संगीत चित्रफितीतही वैध ठरेलच असे नाही. हलत्या चित्राला संगीत जोडण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला सिंक परवाना म्हणतात. त्याला सक्तीचा दर नाही. प्रकाशक तो देईल, नाकारेल किंवा वाटेल ती रक्कम मागेल. मूळ मुद्रण वापरले असल्यास मास्टरचा परवाना वेगळा लागतो. म्हणजे कव्हरच्या मार्गाने सक्तीचा परवाना घेऊन प्रामाणिकपणे तयार केलेला मिक्ससुद्धा सिंक परवान्याअभावी चित्रफितीत अपुरा पडतो. संगीत मागे सभागृहात वाजत होते, ते आपण मुद्दाम जोडलेले नाही, हे पालकांचे म्हणणे मानवी दृष्टीने रास्त आहे. पण ध्वनी आणि चित्र एकत्र मुद्रित होऊन प्रसारित झाले एवढ्यावर कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

प्रत्यक्षात हा प्रश्न न्यायालयापेक्षा संगणकाच्या पातळीवर आधी सुटतो किंवा अडतो. यूट्यूबने २००७ मध्ये कंटेंट आयडी ही प्रणाली सुरू केली. हक्कधारक आपल्या मुद्रणाची संदर्भप्रत तिला पुरवतात, तिच्यावरून ध्वनीचा ठसा तयार होतो आणि चढवलेली प्रत्येक चित्रफीत अशा ठशांशी ताडून पाहिली जाते. जुळणी सापडल्यास चित्रफीत अडवायची, तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे की केवळ आकडेवारी पाहायची, हे हक्कधारक ठरवतो. याला क्लेम म्हणतात, आणि तो स्ट्राइकहून वेगळा असतो. क्लेममुळे बहुतेक वेळा फक्त त्या एका चित्रफितीवर परिणाम होतो, तर रीतसर टेकडाउनच्या, म्हणजे चित्रफीत काढून टाकण्याच्या, सूचनेतून स्ट्राइक, म्हणजे चॅनेलविरुद्धची नोंद, मिळतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास चॅनेल बंद होऊ शकते. थेट प्रक्षेपणात जुळणी आढळली तर प्रक्षेपण मध्येच खंडित होऊ शकते. मिक्स करणाऱ्याकडे परवाना आहे की नाही हे या प्रणालीला ठाऊक नसते. ती फक्त ध्वनी ओळखते. म्हणून परवाना असलेल्या संघालाही क्लेम येतो, आणि तेव्हा परवान्याचा कागद दाखवून हरकत नोंदवावी लागते, जिला उत्तर देण्यासाठी हक्कधारकाला ३० दिवस मिळतात. हंगामातील स्पर्धा आठवड्याच्या अंतराने येत असताना हा काळ संघांना फार लांब वाटतो.

क्लेम आल्यावर अनेकजण चित्रफितीचा आवाज बंद करतात. सर्वसाधारण घरगुती चित्रफितीत त्याने फारसे बिघडत नाही. रूटीनच्या चित्रफितीत बरेच बिघडते. काउंट ऐकू आले नाहीत की स्टंट वेळेवर चढला का, संघ एकसाथ हलला का, हे पाहणाऱ्याला नीट कळत नाही, आणि महाविद्यालयीन संघात प्रवेश मिळवू पाहणाऱ्या खेळाडूसाठी अशी मूक चित्रफीत जवळजवळ निरुपयोगी असते.

संकेतस्थळांचे कायदेशीर संरक्षण १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातून येते. त्यातील ५१२ व्या कलमानुसार, सूचना मिळताच मजकूर काढणारे आणि वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करणारे संकेतस्थळ वापरकर्त्यांच्या कृत्यांसाठी नुकसानभरपाई देण्यापासून वाचते. चित्रफीत चढवणाऱ्याला प्रतिसूचना देता येते, आणि हक्कधारकाने दावा दाखल केला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत ती पुन्हा दिसू लागते. या संदर्भात लेन्झ खटला महत्त्वाचा आहे. एका आईने २००७ मध्ये घरात नाचणाऱ्या बाळाची २९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर टाकली, मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते, आणि प्रकाशकाने ती काढायला लावली. नवव्या सर्किटने २०१५ मध्ये निर्णय दिला की टेकडाउनची सूचना पाठवण्यापूर्वी वापर न्याय्य, म्हणजे परवान्याविनाही कायद्याला मान्य असा, आहे का याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे. रूटीनच्या चित्रफितींना या निर्णयाचा आधार मर्यादितच मिळतो, कारण बाळाच्या मागे गाणे योगायोगाने वाजत होते, तर रूटीन गाण्यावरच उभे असते. १०७ व्या कलमातील न्याय्य वापराचे चार निकष, म्हणजे वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम, प्रत्येक प्रकरणात एकत्र तोलावे लागतात. तीस सेकंदांपेक्षा कमी गाणे मोफत वापरता येते, ‘या संगीतावर माझा हक्क नाही’ असे चित्रफितीखाली लिहिले की पुरते, किंवा पैसे कमावत नसल्यास परवाना लागत नाही, या तिन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही.

उल्लंघन सिद्ध झाल्यास ५०४ व्या कलमानुसार प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि हेतुपुरस्सर उल्लंघनात १,५०,००० डॉलरपर्यंत वैधानिक भरपाई मिळू शकते. एखाद्या पालकावर असा दावा होणे व्यवहारात संभवत नाही. धोका आहे तो व्यावसायिक जिम, आयोजक आणि महाविद्यालये यांना. मार्च २०२५ मध्ये सोनी म्युझिकने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. विद्यापीठाच्या क्रीडासंघांच्या समाजमाध्यमांवरील चित्रफितींत कंपनीची गाणी विनापरवाना वापरली गेली, असा त्यातील आरोप होता. वैयक्तिक खात्यांसाठी समाजमाध्यमांनी उपलब्ध केलेले गाण्यांचे संग्रह संस्थांच्या प्रचारासाठी सहसा खुले नसतात, ही गोष्ट चीअरच्या जिमनेही लक्षात घेण्याजोगी आहे. फिगर स्केटिंगमध्येही हाच प्रश्न उद्भवला. बीजिंग येथील २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी हेवी यंग हीदन्स या संगीतकार जोडीने, आपले मुद्रण अमेरिकी जोडीच्या सादरीकरणात आणि त्याच्या प्रसारणात परवान्याविना वापरल्याबद्दल दावा केला होता.

चित्रफितीत संगीताखेरीजही हक्क गुंतलेले असतात. चित्रण करणाऱ्याचा स्वतःच्या चित्रणावर हक्क असतो, आयोजक मात्र तिकिटाच्या किंवा नोंदणीच्या अटींतून चित्रणावर बंधने घालू शकतात. नृत्यरचनेला अमेरिकी कायद्यात संरक्षण आहे, परंतु साध्या हालचाली आणि निव्वळ व्यायामप्रकार किंवा खेळातील क्रिया यांची नोंदणी कॉपीराइट कार्यालय करत नाही. त्यामुळे बॅक हँडस्प्रिंगवर (हात टेकून मागे घेतलेल्या कोलांटीवर) कोणाचा हक्क सांगता येत नाही, पण सुसंगत, मौलिक रचनेवर तो सांगता येऊ शकतो.

परवान्यांचे कागद पाहताना संघांनी सर्वांत आधी ऑनलाइन प्रसारणाचे कलम शोधावे. मिक्सच्या करारात बहुधा एक संघ, एक हंगाम आणि स्पर्धेतील वापर एवढेच नमूद असते. चित्रफीत चढवण्याची परवानगी दिली आहे का, ती कोणत्या संकेतस्थळांसाठी आहे, हंगाम संपल्यावर ती टिकते का आणि क्लेम आल्यास तो मागे घ्यायला लावण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे का, हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे लागते. ज्या निर्मात्यांचे संगीत पूर्णपणे त्यांचे स्वतःचे असते ते ही हमी देऊ शकतात. कव्हरवर अवलंबून असणाऱ्यांना ती प्रकाशकाकडून सिंक परवाना मिळवल्याखेरीज देता येत नाही.